सावरणाऱ्या लेकराला उभारी कशी द्यावी?

इंदापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. चांगले सहा पानी आहे आणि शेवटी ‘नाव छापू नये’ अशी विनंती आहे. नाव तर छापत नाहीच, शिवाय ओळख पटेल असा मजकूरही गाळला आहे. त्या लिहितात:

“माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. डिप्लोमा झाला, पुण्याकडे कंपनीत लागला, दीड वर्ष छान चाललं. मग एका उन्हाळ्यात त्याची झोपच उडाली. रात्रभर फोन, नवेनवे बेत. ठेव मोडून जुनी मोटार घेतली, मित्रांना पैसे वाटले, साहेबांशी भांडून आला. आम्हाला वाटलं, पोराला गर्व झाला. दोन महिन्यांनी तोच पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला. अंघोळ नको, जेवण नको. पुण्याच्या डॉक्टरांनी बायपोलर आहे म्हणून सांगितलं. आता नऊ महिने गोळ्या चालू आहेत आणि तब्येत चांगली आहे. पण घरातच असतो. मी काही विचारलं की म्हणतो, ‘आई, मी तुझा मुलगा आहे की पेशंट?’ यांचं म्हणणं, नोकरी पुरे झाली, आता रान बघ. धाकटे दीर म्हणतात, लग्न करून टाका म्हणजे ताळ्यावर येईल. मी त्याला उभारी कशी देऊ ते सांगा.”

हे पत्र बाजूला ठेवते न ठेवते तोच बारामतीहून दुसरे आले. तिथे मुलगी आहे. बी.कॉम. झालेली, तोच आजार, तीही औषधावर स्थिर. स्थळे सांगून येताहेत आणि आईच्या जिवाला घोर लागला आहे. दोघींना मिळून एकच उत्तर लिहिते. अशी घरे दोनच नसणार, आणखीही असतील. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशातल्या बारा राज्यांत मोठी पाहणी केली. तिच्यात दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला आढळला. म्हणजे एखाद्या मंगल कार्यालयात लग्नाची पंगत बसली, तर त्या गर्दीत असे एक-दोन जण असतातच. ते कुणी सांगत नाही, एवढेच.

आधी आजाराविषयी थोडक्यात, कारण दीर-जावांना समजावून सांगायचे तर आपल्याला नीट ठाऊक हवे. पूर्वी याला मॅनिक डिप्रेशन म्हणत, मराठीत द्विध्रुवीय विकार म्हणतात. काही आठवडे किंवा महिने मन भलतेच चढते. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरी माणूस ताजातवाना दिसतो. बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, चिडचिड होते. मग कधी तरी उलट फासा पडतो आणि सगळे काळोखे होते. मधले दिवस, कधी कधी मधली वर्षे, माणूस तुमच्या-आमच्यासारखाच असतो. बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास सुरुवात होते, म्हणून घरच्यांना आधी गर्व, वाईट संगत, प्रेमप्रकरण, नाही तर बाहेरची बाधा असलेच काही सुचते. देवाला जाऊ नका असे मी कधीच म्हणणार नाही. जेजुरीला जा, शिंगणापूरला जा. पण देवऋषाने औषध बंद करायला सांगितले, तर तिथून उठून या.

आता उभारीचा मुद्दा. तो जरा सावकाश वाचा, कारण आपण आया नेमक्या इथेच अडखळतो.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होते. १९५०नंतरच्या दशकात त्यांनी मानसिक रुग्णालयातून घरी परतलेल्या पुरुषांचा पुढे मागोवा घेतला. त्यांत बहुतेक स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होते. नवल असे दिसले, की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले रुग्ण जास्त वेळा पुन्हा आजारी पडत, तर भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणीकडे राहणारे त्या मानाने बरे राहत. माया असलेल्या घरात आजार उलटतो? मग त्यांनी घरांतले बोलणे ऐकले. तेव्हा तीन गोष्टी हाती लागल्या: सतत दोष काढणे, तुसडेपणा, आणि तिसरी म्हणजे जीव पाखडणे. तळहाताच्या फोडासारखे जपणे, मुलाच्या प्रत्येक श्वासावर नजर ठेवणे, त्याच्या वाटचे सगळे आपणच करणे. पुढे १९८८ साली अमेरिकेत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी बायपोलरच्या रुग्णांत हेच पाहिले. घरात टीका आणि तणाव जास्त, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त. याची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. घरच्यांना आजार समजावून दिला, बोलायची रीत थोडी बदलून दिली, तर औषधाच्या जोडीने त्याचाही उपयोग होतो आणि आजार उलटणे कमी होते.

याचा अर्थ आईमुळे आजार झाला असा अजिबात नाही. कुणी तसे म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. आजार मेंदूच्या घडणीतला आणि बराचसा रक्तातून आलेला असतो. पण तो परत यायला घरचा तणाव हातभार लावतो, आणि घर तेवढे आपल्या हातात असते.

इंदापूरच्या ताईंनी पत्रात एक वाक्य लिहिले आहे, त्यापाशी मी थांबले. ‘तो मोठ्याने हसला तरी माझ्या पोटात गोळा येतो आणि मी विचारते, गोळी घेतलीस का रे?’ दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावेसे वाटते, ते खरेच आहे. पण त्याच्या बाजूने पाहा. सव्वीस वर्षांचा माणूस. मित्राचा फोन आला म्हणून हसला, तर आजार. क्रिकेट हरलो म्हणून खट्टू झाला, तर आजार. बहिणीशी वाद घातला, तर आजार. मग त्याचे स्वतःचे असे काय उरले? अशाने मुले दोन गोष्टी करू लागतात. एक तर घरात गप्प राहतात, नाही तर गोळीवरच राग काढतात आणि ती गुपचूप बेसिनमध्ये टाकतात.

म्हणून गोळीचा प्रश्न दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, तोही शक्य तर न विचारताच सुटावा. औषधाच्या दुकानात सात खणांची डबी मिळते. रविवारी संध्याकाळी त्याने स्वतः ती भरावी. खण रिकामा दिसला की समजायचे, झाले. तोंडाने विचारायची गरज नाही. आणि हसला तर आपणही हसावे.

बोलण्याचे म्हणाल, तर ‘मन खंबीर कर’, ‘तुला कशाचं कमी आहे’, ‘शेजारचा बघ, तुझ्याच बरोबरचा, फ्लॅट घेतला त्याने’ ही वाक्ये घरातून हद्दपार करा. मलेरियाच्या तापात कुणी मन खंबीर करून थंडी थांबवलेली नाही. पण उगाच तोंडभरून कौतुकही नको, मोठ्या मुलांना ते खोटे कळते. ‘तू किती शहाणा आहेस’ यापेक्षा ‘आज तू वीजबिलाचा घोळ निस्तरलास, माझी खेप वाचली’ हे शंभर पटींनी बरे. त्यात काम आहे, ते त्याने केले आहे आणि ते घराच्या उपयोगी पडले आहे. तिन्ही खरे. आणखी एक करून पाहा: सल्ला विचारा. टीव्ही कुठला घ्यावा, धाकटीने कुठल्या कॉलेजात जावे, आंब्याच्या पेटीला हा भाव बरा का. ज्याचा सल्ला घेतला जातो तो माणूस घरात पेशंट राहत नाही.

उदास दिवसांत मात्र मागणी अगदी लहान ठेवा. ‘ऊठ, अंघोळ कर, दाढी कर, फिरून ये’ अशी माळ लावू नका. ‘मी चहा टाकलाय, ओट्यापाशी येऊन घे’ एवढेच. आला तर ठीक. नाही आला तर कप नेऊन द्या आणि जरा शेजारी बसा, न बोलता. डाळिंबाचे दाणे सोलत बसा, मेथी निवडत बसा. हातात काही असले की न बोलणे जड जात नाही.

आता नोकरी. यांचे म्हणणे ‘रान बघ’. बापाची काळजी कळते. पण रान म्हणजे विश्रांती, ही समजूत काही खरी नाही. नीरेच्या कालव्यावरच्या उसाला पाणी धरायला रात्रीच्या लाईटला जावे लागते, हे इंदापूर-बारामतीच्या बायकांना मी काय सांगावे! आठवडा-आठवडा रात्रीची वीज असते आणि माणूस बॅटरी घेऊन सरीवर उभा असतो. त्यात भावांमधली वाटणी, पतसंस्थेचा हप्ता, टोळीची वाट पाहणे. हा सगळा ताणच आहे. बायपोलरच्या माणसाला सर्वांत जास्त कशाची भीती असेल तर झोपमोडीची. दोन-तीन रात्रींचे जागरण चढत्या लाटेला आमंत्रण देऊ शकते. तेव्हा नोकरी की शेती हा प्रश्न पुढचा आहे. आधी विचारायचे ते हे, की या कामात रात्रीची झोप मिळेल का? कंपनीत फक्त पहिली पाळी मिळत असेल तर कंपनी उत्तम. कारखान्याच्या हंगामात आलटून पालटून रात्रपाळी असेल तर ती नोकरी घराजवळ असूनही नको. रानातले काम दिवसाचे त्याच्याकडे आणि रात्रीचे पाणी दुसऱ्याकडे, अशी वाटणी होत असेल तर रानही चालेल. रात्रपाळी नको म्हणून डॉक्टरांचे पत्र मागता येते. मानसिक आजाराचाही समावेश असलेला अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आहे. प्रमाणपत्र काढायचे की नाही हे मुलाने ठरवावे, पण अशी सोय आहे हे त्याला ठाऊक असावे.

आणि एकदम नऊ तासांच्या नोकरीत ढकलू नका. नऊ महिने घरी बसलेल्याने आधी रोज दोन तास कुठे तरी बांधील असावे. ओळखीच्या दुकानात हिशेब, मुलांच्या शिकवण्या, ग्रंथालय. महिनाभर ते नेमाने जमले की चार तास. पायरीने चढलेला माणूस एखादी पायरी चुकला तरी तळाला जात नाही. ‘तुला काय वाटतं, कुठून सुरुवात करावी?’ असे त्यालाच विचारा. बेत त्याचा हवा, आपला होकार हवा.

झोपेवरून आठवले. आपल्याकडे जागरणाचे प्रसंग किती! खंडोबाचे जागरण-गोंधळ, नवरात्र, कोजागिरी, हळदीची रात्र. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तेव्हा तर गावच झोपत नाही. मुलाला यातून वगळू नका, नाही तर तो घरातच परका होईल. पण वेळ ठरवून द्या. तळी भरताना हजर राहावे, दहा-साडेदहाला झोपायला जावे, पहाटे आरतीला उठावे. पाहुण्यांनी विचारले तर ‘त्याला सकाळी काम आहे’ म्हणावे. एवढे खोटे देव माफ करतो. बेलवाडीचे रिंगण दिवसा असते. ते त्याने खुशाल बघावे, वारकऱ्यांना पाणी वाटावे. फक्त स्वतःही पाणी प्यावे. ते का, ते पुढे सांगते.

या आजारावरचे जुने आणि भरवशाचे औषध लिथियम. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचा गुण दाखवून दिला. लिथियम हे एक प्रकारचे क्षारच आहे आणि शरीर त्याला मिठासारखेच वागवते. म्हणून अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, की रक्तात लिथियम साठत जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात घाम, वर जुलाब किंवा निर्जळी उपवास, असे जुळून आले तर औषधाचेच विष होऊ शकते. तेव्हा लिथियमवर असलेल्याने निर्जळी एकादशी करू नये. ब्लडप्रेशरवाल्या आजोबांच्या जोडीने अळणी जेवू नये. आपले रोजचे मीठ, रोजचे पाणी, त्यात एकाएकी बदल नको. अंग दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या आणून देऊ नका, त्यानेही लिथियम वाढते. ताप-अंगदुखीला काय चालेल ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ‘याला लिथियम चालू आहे’ हे पहिले वाक्य असावे.

हात थोडे थरथरणे, तहान जास्त लागणे हे या औषधाने होते. पण थरथर एकदम वाढली, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे असे दिसले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि रक्तातले लिथियम तपासा. एरवीही डॉक्टर सांगतील तेवढ्या महिन्यांनी ही तपासणी करायचीच, जोडीला मूत्रपिंड आणि थायरॉईडची. रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचे असते. म्हणून रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी, सकाळी रक्त, आणि मग सकाळची गोळी असली तर ती.

‘आता बरा आहे, मग गोळ्या कशाला?’ असे घरातले कुणी तरी म्हणतेच, बहुधा कधी न येणारी आत्याबाई. बरा आहे तो गोळ्यांमुळे आहे. लिथियम एकाएकी बंद केले तर आजार उसळून येण्याचा धोका मोठा असतो. कमी करायचे ते डॉक्टरांनीच, हळूहळू. आणि उदासीनता दिसली म्हणून जवळच्या डॉक्टरांकडून नुसत्या उदासीनतेच्या गोळ्या आणू नका. बायपोलरच्या माणसाला त्या एकट्या दिल्या तर मन उलट चढू शकते.

आता चढत्या लाटेची तयारी. ती बऱ्या दिवसांतच करायची, कारण मन चढले की माणसाला आपण आजारी आहोत हे पटतच नाही. ‘उलट आत्ताच तर मी खरा जागा झालोय’ असे त्याला वाटते. एखाद्या निवांत दुपारी तुम्ही दोघे बसा आणि एका कागदावर त्याच्याच अक्षरात लिहून काढा: माझी पहिली लक्षणे कुठली? कुणाला रात्री दोनला फोन करावेसे वाटतात, कुणी एकदम सहा शर्ट आणतो, कुणी पहाटे चारला कपाट आवरायला घेतो. प्रत्येकाची खूण वेगळी. मग ठरवा, दोन रात्री झोप चार तासांखाली गेली तर आई सांगेल आणि मी तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवीन. खाली त्याची सही. हा कागद आईचा हुकूम नाही, त्याचा स्वतःचा शब्द आहे, म्हणून तो पाळला जाण्याची आशा असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही अशी सोय दिली आहे. माणूस बरा असताना पुढच्या उपचारांविषयी आपली इच्छा लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमू शकतो. शिवाय विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. पॉलिसी कपाटात पडून असेल तर काढून बघा.

पैशाचे त्याच कागदावर ठरवा. मोबाईलवरून पैसे पाठवायची मर्यादा बँकेत सांगून कमी करता येते. ठेवी संयुक्त नावावर, मोडायला दोघांच्या सह्या लागतील अशा ठेवाव्यात. पण दर महिन्याची ठरावीक रक्कम त्याच्या हातात असावी आणि तिचा हिशेब मागू नये. मोठ्या मुलाला चहा प्यायलाही आईकडे हात पसरावा लागला, तर उभारी कसली येणार?

लग्न. धाकट्या दिरांना नम्रपणे पण ठाम सांगा, लग्न हे औषध नव्हे. मुलाला बायको हवी असेल तेव्हा, त्याची तब्येत वर्ष-दोन वर्षे टिकली असेल तेव्हा, आणि समोरच्या घरी सगळे सांगून. लपवाछपवी करून केलेले लग्न पुढे कोर्टात जाऊ शकते. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली, तर विवाह रद्द करून मागता येतो. पण कायदा दूर राहो, परक्याच्या मुलीला अंधारात ठेवून आपल्या घरात आणायची, हे मला मान्य नाही.

बारामतीच्या ताईंना हेच उलट बाजूने. सांगितले तर स्थळे मोडतील, ही भीती खरी आहे, मोडतीलही. पण न सांगता लग्न झाले, की मुलगी सासरी गोळ्या लपवून घेणार, कधी चुकणार, आणि पहाटे उठून रात्री बाराला निजणार. आजार उलटायला आणखी काय लागते? ‘मुलीला हा आजार आहे, औषधाने ठीक आहे, तिच्या डॉक्टरांना तुम्ही भेटा’ असे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तिच्या संमतीने सांगावे. शक्य तर तिनेच मुलाला सांगावे. मुंबईच्या लेखिका अपर्णा पिरामल राजे यांनी बायपोलरसह संसार, मुले, काम कसे चालवले ते ‘केमिकल खिचडी’ या इंग्रजी पुस्तकात स्वतःच्या नावानिशी लिहिले आहे (२०२२). संसार होत नाही असे नाही. पुढे मुलांना होईल का, हा प्रश्न समोरचे विचारणारच. आई किंवा बाप यांपैकी एकाला असला, तरी शंभरातल्या नव्वदांहून अधिक मुलांना हा आजार होत नाही. असे सरळ सांगावे.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी विसरू नका. या आजारात व्हॅल्प्रोएट नावाचे औषधही देतात. गरोदरपणात त्याने बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून लग्न ठरायच्या आधीच, दिवस राहायची वाट न पाहता, औषध बदलायचे का ते डॉक्टरांशी बोला. आपल्या मनाने मात्र काही बंद करू नका. दुसरे, बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या मुलींना फार जोखमीचे असतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे जबाबदारी तुमच्यावरच. सातव्या महिन्यातच बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई आणि मनाचे डॉक्टर यांची गाठ घालून द्या. रात्रीचे बाळ आजीने सांभाळायचे आणि मुलीला सलग झोप मिळू द्यायची, हे आधीच ठरवा.

एक कठीण गोष्ट लिहायला हवी. उदास लाटेत जीव नकोसा होतो. मुलगा तसे काही बोलला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर सरळ विचारा: ‘बाळा, मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने ते डोक्यात जात नाही, उलट मनावरचा दगड थोडा हलतो. ‘हो’ म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रानातली औषधे, तणनाशके घरात ठेवायचीच नाहीत. शेतावरच्या पेटीत कुलूप लावून ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. घरातल्या गोळ्यांचा साठाही अशा दिवसांत तुमच्याकडे असू द्या आणि रोजच्या रोज द्या. तेव्हा सात खणांच्या डबीचा नियम बाजूला ठेवावा लागला तरी चालेल, आणि ‘हे बरं वाटेपर्यंतच’ असे त्याला सांगून ठेवावे.

दाखवायचे कुठे? बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या रुग्णालयात चौकशी करा. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कुठल्या दिवशी येतात?’ असे नेमके विचारा, नुसते ‘मनाचे डॉक्टर आहेत का’ विचारले तर ‘नाहीत’ असे उत्तर मिळते. पुण्याला ससून आहे, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला भिऊ नका, बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणसे त्याच दिवशी घरी परततात. रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. तो मुलासाठी आहे तसा आईसाठीही आहे.

जाताना एक साधी वही न्या. रोज किती तास झोप झाली, तेवढे मुलाने स्वतः लिहिलेले असले की पुरे. डॉक्टरांना तासभराच्या बोलण्यातून कळत नाही ते त्या आकड्यांवरून कळते. सोबत लिथियमचे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून, आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. खोलीत आधी मुलाला बोलू द्या. तुम्हाला काही वेगळे सांगायचे असेल तर ते त्याच्यासमोरच सांगा, त्याच्या पाठीमागे चिठ्ठी सरकवू नका.